रवा धरलेली बॅच

कोल्हापूर भागातील एका छोट्या प्रायोगिक प्रकल्पात आम्ही उसाच्या रसापासून लॅक्टिक आम्ल तयार करत होतो. डिसेंबरातल्या ज्या सकाळविषयी मी लिहीत आहे, तिच्या आदल्या संध्याकाळी मी भलतीच खुशीत होते. ५०० लिटरच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या टाकीत, या वेळी नेहमीच्या १०० ग्रॅमऐवजी लिटरमागे १५० ग्रॅम साखर घेतली होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीव संग्रहातून आणलेल्या आमच्या लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी या जिवाणूला हवा लागत नाही, ४५ अंशांची ऊब मात्र लागते. आणि स्वतःच केलेल्या आम्लात तो गुदमरू नये म्हणून चुनखडीची पूड घालून सामू ६ च्या आसपास राखावा लागतो. अडीच दिवसांत साखर जवळजवळ संपली आणि आम्ल लिटरमागे १३५ ग्रॅमवर पोहोचले. फिल्टर प्रेसची कापडे धुवायला काढलेली असल्यामुळे गाळण्याचे काम सकाळवर ढकलले, आणि आता जिवाणूंचे काम झालेच आहे तर वाफेसाठी उगीच बगॅस (उसाचा चोथा) कशाला जाळायचे, अशा हिशेबाने टाकीभोवतीच्या जॅकेटची, म्हणजे दुहेरी भिंतीतली, वाफ बंद करण्याची सूचना मीच रात्रपाळीला दिली.

पहाटे साडेपाचला ऑपरेटर मामांचा फोन आला. "मॅडम, ढवळणीची मोटर ट्रिप झालीय. दोनदा चालू केली, उचलतच नाही."

काचेच्या झरोक्यातून पाहिले, तर काल पातळ असलेला तपकिरी माल थिजलेल्या पिठल्यासारखा बसला होता. तापमान २४ अंश. माझ्या मनात पहिला संशय आला तो ल्युकोनॉस्टॉकचा. साखर कारखान्यात वावरलेल्यांना हा जिवाणू नवा नाही. शिळ्या रसात तो शिरला की सुक्रोजपासून, म्हणजे साखरेपासून, चिकट डेक्स्ट्रान बनवतो आणि रसाला तार सुटते. वर तो अ‍ॅसिटिक आम्लही मिसळून ठेवतो, आणि तसला माल लॅक्टिक आम्लापासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लास्टिकसाठी कवडीमोलाचा. साखर संपल्यावर डेक्स्ट्रान बनणार कशापासून, हा साधा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे.

नमुन्याचा नळ चोंदला होता, म्हणून झाकण उघडून लांब दांड्याच्या पळीने थोडा माल काढला. मामांनी तो चिमटीत घेऊन बोटे फाकवली. तार सुटली नाही. मग अंगठ्याखाली चोळून ते म्हणाले, "ह्यानं रवा धरलाय मॅडम. आमच्या गुऱ्हाळातली काकवी थंडीत अशीच बसते."

सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीचेच बारीक दांडुके होते, परके कोणी नव्हते. मात्र त्यांच्याभोवती सुयांसारख्या स्फटिकांच्या जुड्या पसरल्या होत्या. काचपट्टी तव्यावर किंचित गरम करून पुन्हा पाहिली, तर जुड्या विरघळून गेल्या होत्या. चुनखडी आणि आम्ल मिळून झालेले ते कॅल्शियम लॅक्टेट होते. गरम द्रवात ते बरेच मावते, थंडात फार थोडे. आणि दीडपट साखर घेऊन आम्ही ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त केले होते. म्हणजे बॅच बिघडली नव्हती, उलट फारच चांगली झाली होती, आणि ती थिजवली होती मी.

एकदम जोराची वाफ सोडली असती तर भिंतीलगतचा माल करपला असता आणि मधला तसाच गार राहिला असता. म्हणून आधी जॅकेटमध्ये नुसते गरम पाणी फिरवले, नंतर हळूहळू वाफ वाढवली. दर अर्ध्या तासाने मामा मोटरची वीज तोडून, कपलिंगला पाना लावून दांडा हाताने फिरवून पाहत. साडेदहाच्या सुमारास तो पाव फेरा फिरला; बाराला ७० अंशांवर मोटरने लोड घेतला. दांड्याच्या सीलमधून गळती सुरू झाली होती, ते पुढे बदलावेच लागले. माल मात्र गरमच फिल्टर प्रेसवर घेतला आणि स्वच्छ निघाला. दुसऱ्या दिवशी सल्फ्युरिक आम्ल घालून लॅक्टिक आम्ल मोकळे केले, तेव्हा खाली जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) नेहमीचा ढीग उरलाच. एक टन आम्लामागे जवळपास एक टन जिप्सम पडते, आणि या पद्धतीचे खरे दुखणे मला तरी तेच वाटते.

रात्री वाचलेल्या बगॅसचा आकडा मी मोठ्या हौसेने लॉगबुकात लिहायला सांगितला होता. संध्याकाळी वही उघडली, तर त्याच ओळीपुढे मामांनी आपल्या ठसठशीत अक्षरात, काही शेरा न मारता, दिवसभरात भट्टीत गेलेल्या बगॅसचा आकडा लिहून ठेवला होता.