इलेक्शन ड्युटी: निघण्याआधी आणि सकाळी साडेपाचला

मतदानाचं साहित्य वाटतात त्या दिवशी तालुक्याला सकाळीच पोचावं लागतं, म्हणून गॅस, बियाणं, बँक हे सगळं आदल्या दिवशीच उरकून घ्या. पिशवीत टॉर्च, दुपट्टा, लिंबू-मीठ, भाकर-ठेचा. २०२४ ची लोकसभा विदर्भात १९ आणि २६ एप्रिलला झाली. त्या उन्हात शाळेच्या टिनाखाली पाणी कमीच पडतं.

खरी गडबड होते मॉक पोलला, म्हणजे खऱ्या मतदानाआधी मशीनच्या चाचणी मतदानाला. मतदान ७ ला असेल तर ५.३० ला सुरुवात. बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) व्हीव्हीपॅटला (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र), व्हीव्हीपॅट कंट्रोल युनिटला (आपल्या टेबलावरचं, मतं साठवणारं) जोडायचं. केबल लावता-काढताना कंट्रोल युनिट बंदच हवं. व्हीव्हीपॅटच्या मागची कळ उभी करायची, आडवी म्हणजे ती वाहतुकीच्या स्थितीत. किमान ५० चाचणी मतं, मग कंट्रोल युनिटवर क्लोज (मतदान बंद), रिझल्ट (मोजणी), क्लिअर (चाचणीची मतं पुसणं). घाईत हे क्लिअरच राहून जातं, आणि पुढे हिशेब जुळत नाही! त्यानंतर व्हीव्हीपॅटच्या डब्यातल्या चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून, काळ्या पाकिटात सीलबंद.

व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली ठेवू नका, उजेडाने सेन्सर बिघडतो. चिठ्ठी ७ सेकंद दिसते, हे म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगावं.

दर दोन तासांनी मशीनवरची टोटल आणि मतदार सही करतात ते रजिस्टर (फॉर्म १७ए) ताडा. रजिस्टर २१२, मशीन २११ असेल तर कुणीतरी सही करून मत न देताच गेलं असेल. तशी नोंद लगेच करा.

पक्षी बघायची हौस असेल तर दुर्बीण घ्या, पण मतदानाच्या आदल्या संध्याकाळपुरतीच. गावतळ्यावर तासभर मिळतो.