दर्या नको, दऱ्या पाहिजे

गोव्यात आमच्या डिचोलीकडे देवळाच्या कालोत्सवाला गावातलीच माणसं मराठी नाटक करतात आणि संहिता टाइप करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. यंदा अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या आवारातल्या खोल्यांत, पहिलं वाचन होतं, आमचे एक काका मोठ्याने वाचायला लागले, "या दर्याखोर्यांतून मी फिरलो" आणि मधेच थांबले. म्हणाले, अरे दर्या कुठून आला इथे, नाटक तर घाटातलं ना?

बरोबर होतं त्यांचं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन, गोव्यातल्या माणसाला हा फरक सांगायला नको. पण मी तेव्हा इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवायचो, त्यात आर वाय दाबलं की रफारच येतो, सूर्यातला. दऱ्यातला र वेगळा, मराठीचा खास, आणि कॉम्प्युटरलाही तो वेगळाच द्यावा लागतो, ऱ म्हणजे खाली नुक्ता (ठिपका) असलेला र, मग हलंत (पाय मोडायची खूण), मग य.

त्या रात्री माझ्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टमवर इन्स्क्रिप्ट लावलं. हा लेआउट, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं अक्षर ही मांडणी, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये ठरवलेला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि कन्नडला काय, मराठीला काय, क त्याच कीवर. इंग्रजी J वर र आहे, शिफ्ट धरून J दाबलं की ऱ, डी वर हलंत, स्लॅशवर य, ई वर काना. झालं, दऱ्या! मी तो शब्द चार-पाच वेळा नुसताच टाइप केला, इतकं बरं वाटलं.

काही जण र, हलंत आणि मधे न दिसणारा जॉइनर घालून तेच रूप काढतात. दिसतं सेम, पण सर्च करायला गेलात की एकाने लिहिलेलं दुसऱ्याला सापडत नाही, म्हणून मी ऱ वरच राहतो.

मग ॲ चं दुखणं. नाटकात 'ॲम्ब्युलन्स' होती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ॲ आला २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, त्याआधीपासून असलेला ऍ हिंदीच्या वळणाचा, तो मला मराठीत डोळ्यांना टोचतो. लिनक्सची मजा इथे आहे, लेआउट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एक्सकेबी म्हणजे लिनक्सची कीबोर्ड सांभाळणारी यंत्रणा, तिच्या सिम्बॉल्स फोल्डरात 'इन' नावाची फाइल आहे, इन म्हणजे इंडिया, प्रत्येक कीसाठी एक ओळ आणि कंसात चार जागा: नुसती की, शिफ्ट, राइट आल्ट, दोन्ही मिळून. शिफ्ट डी ला अ आहेच, म्हणून मी त्याच ओळीत राइट आल्टच्या जागी U0972, म्हणजे ॲ चा युनिकोड क्रमांक, लिहिलं, लॉगआउट करून परत आलो, ॲ उमटला. कोणाला विचारावं लागलं नाही, कुठे अर्ज नाही.

पुढच्या अपडेटला मात्र माझी ओळ पुसली गेली, कारण सिस्टमची फाइल नवीन आली की जुनी जाते. आता वेलँडवर (लिनक्सची स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी नवी व्यवस्था) होम फोल्डरात स्वतःची वेगळी फाइल ठेवलीय, ती टिकते. आणि एक लक्षात ठेवा, एक्सकेबीत एका दाबण्याला एकच अक्षर, त्यामुळे क्ष ची थेट की हवी असेल तर जमत नाही, आतून क्ष म्हणजे क, हलंत, ष अशी तीन अक्षरं. त्यासाठी आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या प्रोग्राममधलं एम१७एन हे जोडसाधन वापरा, तिथे एका कीवर तीनही येतात.

नव्या प्रती परवा वाटल्या. काकांनी आधी तेच पान उघडलं, बोटाने ओळ धरून वाचलं, दऱ्याखोऱ्यांतून, आणि न थांबता पुढे गेले. पेडण्याचा एक मित्र भजनं टाइप करतोय, त्यालाही माझी फाइल पेन ड्राइव्हवर दिली. त्याचा पहिला प्रश्न, ळ कुठे? एन, शिफ्टसकट.