पाकाचा तिसरा हात

चमच्यावरचा पाक क्षणभर गार होऊ द्यायचा, थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूच फाकवायची. मधे एक बारीक तार येते आणि तुटते. डिसेंबरातली दुपार, बाहेर अमेरिकेतला बर्फ, शेगडीवर ब्राऊन शुगर आणि मोहरीची पेस्ट रटरटतेय, ओव्हनमध्ये नाताळचा चार किलोचा हॅम. बोटं मात्र दिवाळीतलीच. हॅमवर चढवायचा चकचकीत लेप, ग्लेझ, ग्लेझ म्हणून ज्याचा एवढा बाऊ करतात, तो एकतारी पाक आहे, दुसरं काही नाही.

तिकडच्या पाककृतींत तारेचं नावही नसतं. ‘सिरपसारखं होईपर्यंत आटवा’, झालं. कुठलं सिरप? पॅनकेकवरचं की खोकल्याचं? आपल्याकडे गुलाबजामाचा पाक नुसता चिकट, रव्याच्या लाडवाचा एकतारी, चिरोट्यांचा दोनतारी, आणि यातला एक दुसऱ्याच्या जागी गेला की घरभर तोंडं वाकडी. पाकाच्या पातेल्याजवळ पोरांना उभं राहू देत नसत, पण बशीत टाकून पाहिलेला थेंब चाटायला मिळे. पहिला पातळ, दुसरा बोटाला चिकटणारा, तिसरा दाताला. ही शाळा झालेल्याला हॅमचं ग्लेझ कोणी शिकवायला नको.

खरं तर या हॅममध्ये रांधण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. डुकराची मागची मांडी मिठाच्या पाण्यात मुरवून, धुरी देऊन, शिजवूनच दुकानात येते. इंग्लंडातला गॅमन कच्चा असतो, तो आधी शिजवावा लागतो. अमेरिकेतला बहुधा नुसता तापवायचा. विकत घेताना लेबल मात्र वाचावं. नुसतं ‘हॅम’ लिहिलेला सगळ्यात चांगला, ‘नॅचरल ज्यूसेस’वाला चालेल, ‘वॉटर अ‍ॅडेड’ म्हणजे पाण्याचेही पैसे द्या. शिवाय ते पाणी ओव्हनमध्ये झिरपत राहतं आणि वर लावलेला पाक त्याच्याबरोबर ट्रेमध्ये उतरतो. हाडासकट अर्धा हॅम घ्यायचा तर नळीकडचा घ्यावा. खुब्याकडच्या भागाला मांस जास्त असतं, पण आतलं वाकडंतिकडं हाड चुकवत कापताना पाहुण्यांसमोर फजिती होते.

कापलेली बाजू खाली, ट्रेमध्ये कपभर पाणी, वर फॉइल घट्ट, ओव्हन १६० अंश सेल्सियसवर. किलोमागे पाऊण तास धरावा, म्हणजे चार किलोला तीन तास. पण घड्याळापेक्षा थर्मामीटर बरा. तो मांसाच्या मध्यात खुपसायचा, हाडाला लागू द्यायचा नाही. लागला तर भलताच आकडा दाखवतो. कारखान्यातून बंद पाकिटात आलेल्या शिजवलेल्या हॅमला ६० अंश पुरे, दुकानात उघडून पुन्हा बांधलेल्याला ७४. पहिल्या प्रकारात काटा ५० च्या पुढे गेला की फॉइल काढायची. शेवटचे दहा अंश पाक लावता लावता होतात.

आता साल सोडवून खालच्या पांढऱ्या चरबीवर रेघा मारायच्या. आडव्या मारायच्या की तिरप्या, हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही: शंकरपाळे. इंचभर रुंद, आणि खोली फक्त चरबीपुरती, तीन-चार मिलिमीटर. सुरी मांसात गेली तर रस बाहेर येतो आणि चौकटी भेगाळतात. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक लवंग टोचायची, विड्याला टोचतो तशी. सगळीकडे टोचायचा मोह आवरावा. लवंग दाताखाली आली की पुढचे चार घास फुकट जातात.

पाकाला २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, पाव कप संत्र्याचा रस, दोन मोठे चमचे दिजाँ मोहरी (फ्रेंच पद्धतीची तयार पेस्ट), दोन मोठे चमचे सफरचंदाचा व्हिनेगर. मीठ नाही, हॅममध्ये ते भरपूर आहे. ब्राऊन शुगर म्हणजे साखरेत काकवी कालवलेली, त्यामुळे त्या जागी गूळ बिनतक्रार चालतो. किसून, विरघळवून, गाळून घ्यावा. व्हिनेगर चवीला असतो असं सगळे सांगतात. पण पाकाने पुन्हा साखर धरू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, तेच काम तोही गुपचूप करतो. पाच-सात मिनिटं उकळलं की एकतारी. पुढे गेला तर ब्रशच्या केसांतच घट्ट होतो. मग चमचाभर रस घालून मागे आणावा. कच्चा राहिला तर मांसावर थांबतच नाही.

लावायच्या आधी चरबी कागदाने टिपून कोरडी करायची आणि ओव्हन २०० वर न्यायचा. पाक तीन हातांनी लावायचा, भिंतीला रंग लावतात तसा. घाई करणारे सगळा पाक एकदम ओततात. वितळत्या चरबीवरून तो पाच मिनिटांत घसरतो. पहिला हात अगदी पातळ. दहा मिनिटांत तो चिकट होतो आणि दुसऱ्याला धरून ठेवतो. दुसऱ्या हाताला रंग येतो. तिसऱ्या हाताला ओव्हनसमोरून हलायचं नाही, फोन वाजला तरी. शंकरपाळ्यांच्या कडा काळपट होणं चांगलं, पण खाचांमधला पाक काळा पडला तर कडू झाला. या दोहोंमध्ये दोन-तीन मिनिटांचंच अंतर असतं. सुरुवातीपासूनच पाक लावून ठेवणाऱ्यांना तीन तासांनी कोळसा मिळतो.

अननसाच्या चकत्या आणि मध्ये लाल चेरी, हा प्रकार मात्र डोळ्यांना सोसत नाही. लग्नातल्या केकसारखा दिसतो हॅम. लावायच्याच असतील तर डब्यातल्या घ्याव्यात. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते मांसाचा वरचा थर लिबलिबीत करतं. डब्यातलं उष्णतेने मेलेलं असतं. दुसरी नावड स्पायरल हॅमची. हाडाभोवती गोल फिरत सलग काप पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट डेट्रॉईटच्या हॅरी होन्सेलारला १९५२ मध्ये मिळालं, आणि तेव्हापासून सुरी चालवता न येणाऱ्यांची सोय झाली. पण कापांच्या फटींतून वाफ निघून जाते आणि मांस कोरडं पडतं. असा हॅम तापवताना फॉइल आणखी घट्ट हवी, आणि पाक फटींत उतरेल असा थोडा सैल.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. तेवढ्यात पाक काचेसारखा चमकतो आणि कापताना तडकत नाही.

त्याच टेबलावर कँडीड यॅम्स असतात. नाव यॅमचं, म्हणजे कोनफळाच्या जातीच्या कंदाचं, आत लाल रताळी. फोडी करून लोणी आणि ब्राऊन शुगरमध्ये घोळवलेल्या. न्यू जर्सीत सुनेच्या घरी नाताळला आलेल्या सासूबाई हॅमकडे न पाहता तो वाडगा जवळ ओढतात, एक फोड खातात आणि म्हणतात, “अगं, हे तर एकादशीचे काप.” तूप नाही, वेलची नाही, एवढंच. हॅम आणि उपासाचं रताळं एकाच पाकातले निघाले, यावर काय बोलायचं ते कोणालाच सुचत नाही. वाडगा मात्र आधी संपतो.

हाड फ्रीजरमध्ये टाकावं, वाटाण्याच्या डाळीच्या सूपला होतं. ट्रेला आधीच फॉइल लावली असेल तर ठीक. नसेल तर गरम पाणी आणि सोडा घालून रात्रभर भिजत ठेवा, आणि सकाळी कोणी विचारलं तर आपल्याला माहीत नाही.