लहान मुलं, भाड्याची गाडी आणि तंबू : आमची वाटचाल

ठाण्यात नौपाड्याला आम्ही दुकान थाटलं ते तंबू, स्लीपिंग बॅग आणि शेगड्या भाड्याने देण्यासाठी. नाणेघाट, हरिश्चंद्रगड, कळसूबाई करणारी कॉलेजची मुलं शुक्रवारी संध्याकाळी सामान न्यायची आणि सोमवारी चिखलासकट परत आणून द्यायची. तंबू धुणं, वाळवणं, उसवलेल्या शिवणी घालणं हे नवऱ्याचं खातं. हिशेब आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. पुढे याच मुलांची लग्नं झाली, त्यांच्या घरात पाळणे हलले, आणि तीच मंडळी येऊन विचारू लागली, "ताई, आता पोरांना घेऊन कुठे जाता येईल?" आमचं आजचं काम त्यातूनच उभं राहिलं. लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी आम्ही आफ्रिकेतल्या सफारी आखून देतो. गाडी स्वतः चालवायची, मुक्काम तंबूत करायचा.

ताडोबा सोडून इतक्या लांब कशाला, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ताडोबा आमचंही लाडकं आहे. पण तिथल्या गाभा क्षेत्रात आपली गाडी नेता येत नाही. नोंदणी केलेली जिप्सी, सोबत गाइड, ठरलेली वेळ. तीन वर्षांचं मूल उघड्या जिप्सीत पहाटेच्या गारठ्यात तासन् तास बसवायचं, त्याला भूक लागते, झोप येते, आणि सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात साधी भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं. मूल कंटाळलं की अर्ध्या तासात मागे फिरायचं, कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय उद्यानाच्या उघड्या गाड्यांतून होणाऱ्या फेऱ्यांना सहा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. म्हणजे लहानग्यांसाठी आपली गाडी हाच तिथला खरा मार्ग. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवायची, त्यामुळे घोडबंदर रोडवर रोज गाडी काढणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. वेगाची मर्यादा मात्र कडक आहे : डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर 40.

सुरुवातीच्या एका बैठकीला मुलाचे आई-वडील आजीला बरोबर घेऊन आले होते. दोघं नकाशावर वाकून बोट्स्वानातली ठिकाणं मोजत होते. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "अगं, रात्री ह्याला शू लागली तर कुठे नेणार?" त्या एका प्रश्नाने आमच्या नियोजनाचा पायाच बदलला. मोरेमी, सावुती इथल्या मुक्कामाच्या जागांना कुंपण नसतं. रात्री तरस, हत्ती, कधी सिंह तंबूंच्या मधून जातात. मोठ्यांसाठी तो अनुभव विलक्षण आहे, पण झोपेत चेन उघडून बाहेर येणाऱ्या चार वर्षांच्या मुलासाठी ती जागा नाही. मूल लहान असेल तर आम्ही बिनकुंपणाचा मुक्काम आखत नाही. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं, जास्त पैसे देऊ म्हणालं, तरी नाही. काही कुटुंबं त्यामुळे दुसरीकडे गेली. आमची त्याबद्दल तक्रार नाही.

त्याच प्रश्नातून गाडीच्या टपावरच्या तंबूचाही निकाल लागला. फोटोत तो फार देखणा दिसतो, सगळ्यांना तोच हवा असतो. पण मध्यरात्री पेंगणारं मूल खांद्यावर घेऊन उभ्या शिडीवरून उतरायचं म्हणजे काय, ते करून पाहावं. आमच्या कुटुंबांना आम्ही जमिनीवरचाच तंबू देतो, शक्यतो स्वच्छतागृहाच्या जवळच्या जागेवर, आणि आत एक छोटी पॉटी. तीच पॉटी दिवसा गाडीत ठेवायची, कारण उद्यानात ठरवून दिलेल्या जागांखेरीज कुठेही गाडीतून उतरायला बंदी आहे.

आम्ही आखतो तो रस्ता साधा असतो. रात्रभरच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी गाडी चालवायची नाही. जोहान्सबर्गला विमानतळाजवळ मुक्काम. जोहान्सबर्गहून क्रूगर पाचेक तासांवर आहे, तेही मुलं असतील तर वाटेत एक रात्र थांबून. मग क्रूगरमधल्या लोअर साबी या कुंपण असलेल्या कॅम्पला सलग तीन-चार रात्री. या कॅम्पच्या फाटकाबाहेर पाच मिनिटांवर सनसेट डॅम आहे. गाडी काठाशी लावली की पाणघोडे आणि मगरी काचेतूनच दिसतात. सकाळी एक चक्कर तिथे, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा एक चक्कर. मुलाचा दिवस तेवढ्यात भरतो. एखाद्या दिवशी साबी नदीच्या कडेने स्कुकुझा कॅम्पपर्यंत जायचं, मध्ये न्कुहलूला, म्हणजे गाडीतून उतरता येतं अशा जागी, थांबून डबा खायचा. लोक मोठी यादी घेऊन येतात : चार उद्यानं, दोन देश, व्हिक्टोरिया धबधबा. आम्ही त्यातलं बहुतेक खोडतो. वाहनातले तास कमी झाले की मूल प्राणी पाहतं; नाहीतर ते फक्त खिडकीची काच पाहतं.

क्रूगरच्या परिसरात मलेरिया आहे, पावसाळ्यात जास्त, कोरड्या हिवाळ्यात कमी. गोळी कोणती, वजनाप्रमाणे किती, हे मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं; आम्ही कुटुंबांना निघायच्या दीड-दोन महिने आधी त्यांच्याकडे पाठवतो. मूल अगदीच लहान असेल तर मलेरिया नसलेली उद्यानं सुचवतो. जोहान्सबर्गपासून अडीचेक तासांवरचं पिलानेसबर्ग हे एक. दुसरं अॅडो, हत्तींचं. 1931 साली ते राखीव झालं तेव्हा तिथे अवघे अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेच्या वर आहेत. मुलांना ही गोष्ट निघण्याआधी सांगितली की कळपातलं प्रत्येक पिल्लू ती बोटाने दाखवत बसतात. अॅडोत संत्री-मोसंबी न्यायला मनाई आहे. पूर्वी हत्तींना संत्री खायला घालत, त्यांना त्याची चटक लागली आणि वासावर ते गाड्यांपाशी येऊ लागले. प्रवासाला संत्री घेऊन निघणाऱ्या आपल्या लोकांना हे आठवणीने सांगावं लागतं.

हंगामाच्या बाबतीत आपली मे महिन्याची सुट्टी कामी येते. तिकडे तेव्हा हिवाळा लागत असतो. गवत सुकतं, प्राणी पाण्यावर येतात, डास कमी होतात. मे ते जुलै क्रूगरच्या कॅम्पची फाटकं सकाळी 6 ला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. मोठ्यांना दिवस तोकडा वाटतो, पण साडेसहाला वरणभात खाऊन आठला झोपणाऱ्या मुलाला हेच वेळापत्रक मानवतं. रात्री थंडी चांगलीच असते, तेव्हा ठाण्याच्या हवेत वाढलेल्या मुलांसाठी कानटोपी, पायमोजे आणि जाड स्लीपिंग बॅग लागतेच.

कागदपत्रांत जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांची नावं हवीत. एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवायचं. गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो, एक वर्ष चालतो. नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलायचं असेल तर, त्या देशांत पीतज्वर असल्याने, त्याच्या लशीचा प्रश्न आधी सोडवायचा. लशीचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती लस देत नाहीत.

जेवणाचं फारसं अवघड नाही. कॅम्पमध्ये सामाईक स्वयंपाकघर आणि गरम पाणी असतं. घरून तीन लिटरचा कुकर आणि मसाल्याचा डबा. डाळ-तांदूळ जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात मिळतात. खिचडी शिजत असताना मात्र कुणीतरी एकाने माकडांवर नजर ठेवायची.

निघण्याआधी भंडारदऱ्याला एक मुक्काम आम्ही सक्तीचा केला आहे. कसारा, घोटीमार्गे जाताना मूल पूर्ण वेळ चाइल्ड सीटमध्ये बसतं का, हे आधी बघायचं. दक्षिण आफ्रिकेत 2015 पासून तीन वर्षांखालच्या मुलांना ती सक्तीची आहे, आणि आपल्याकडे मुलांना मांडीवर बसायची सवय. धरणाच्या काठी तंबू आई-बाबांनीच लावायचा, नवरा फक्त बाजूला उभा राहतो. मूल आतून चेन लावायला शिकतं, आणि हाक मारल्याशिवाय ती उघडायची नाही हेही शिकतं. एक छोटी मुलगी प्रत्येक वेळी चेन लावून झाली की आतून "बंद!" असं ओरडायची. आता सगळ्याच मुलांना आम्ही तसं ओरडायला लावतो. रात्री तिसऱ्यांदा तंबूतून बाहेर पडावं लागलं की काही पालक स्वतःच म्हणतात, अजून एक वर्ष थांबू या. तेव्हा आम्ही पुढच्या वर्षाची तारीख लिहून घेतो. काही थांबतात, काही निघतात.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी आता नामिबियातलं एटोशाही आखायला घेतलं आहे. तिथे ओकाउकुएओच्या कॅम्पमध्येच, बुटक्या भिंतीपलीकडे दिव्यांच्या उजेडातला पाणवठा आहे. काळे गेंडे रात्री पाण्यावर येतात, आणि मुलांना पांघरूण गुंडाळून बाकावर बसून ते बघता येतात. गाडी हलवावी लागत नाही.

पुढच्या मे महिन्याचा बेत असेल तर गणपतीच्या आधी बोलायला या. क्रूगरमधल्या कुंपणालगतच्या चांगल्या जागा कित्येक महिने आधी जातात, आणि जूनअखेरीस तिकडच्या शाळांना सुट्टी लागली की काहीच मिळत नाही. येताना मुलाला बरोबर आणा. दुकानाच्या मागच्या खोलीत एक तंबू कायम लावलेला असतो. त्यात ते कसं वावरतं हे अर्धा तास बघितलं की आम्हाला पुढचं बरंच काही ठरवता येतं.