काट्यावरचा शिक्का

आमच्या भाऊजींची पिंपळगाव बसवंतजवळ अडीच एकर द्राक्षबाग आहे. माणूस भोळा अजिबात नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरचा एक व्यापारी त्यांचा आणि गावातल्या दहा-बारा जणांचा माल उचलून, हातात चेक ठेवून गायब झाला. तेव्हापासून पैसे मोजून घेतल्याशिवाय ते बागेत कात्री लावू देत नाहीत. गाडीचा नंबर लिहून घेतात, व्यापाऱ्याच्या गावात कुणी ओळखीचं निघतं का ते शोधतात. असा माणूस गेल्या सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या तोंडावर, फोनवरच्या एका जाहिरातीपायी ३ लाख ८५ हजार रुपये घालवून बसला.

जाहिरातीत टीव्हीवर नेहमी दिसणाऱ्या एका बड्या माणसाचा चेहरा होता. तो हिंदीत बोलत होता, ओठसुद्धा बरोबर हलत होते. खाली बटण, बटण दाबलं की एक ग्रुप, ग्रुपमध्ये दीडेकशे माणसं, आणि रोज सकाळी कुणी ना कुणी नफ्याचे फोटो टाकतंय. भाऊजींनी आधी दहा हजार टाकले. चार दिवसांनी बारा हजार तीनशे परत आले. खरोखर आले, मी पासबुक पाहिलं आहे. मग फवारणीसाठी बाजूला ठेवलेले गेले, मग सोसायटीचं पीककर्ज. काढायला गेले तर 'आधी टॅक्स भरा' असं उत्तर. तेव्हा कुठे मला फोन आला : "वहिनी, तुम्ही पतसंस्थेत होता म्हणून विचारतो. नफ्यावरचा टॅक्स आधी भरावा लागतो का?"

माझ्या पोटात गोळा आला. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, नंतर सायबर पोलिसांकडे गेलो. पण शेवटची रक्कम जाऊन नऊ दिवस झाले होते. एका खात्यातले ४१ हजार अडवता आले. बाकीचे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात जाऊन कुणीतरी काढूनही घेतले होते.

जाहिरात मात्र तशीच चालू होती. मी माझ्या फोनवरून तिची तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की या जाहिरातीत आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. कोणतं ॲप, कोणती कंपनी ते मी इथे लिहीत नाही. माझ्याकडे दोन स्क्रीनशॉट आहेत, तेवढ्यावर मी कुणाचं नाव घेणार नाही.

नंतर एकदा ओट्यावर बसून चहा घेताना मी त्यांना विचारलं, "भाऊजी, व्यापाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी करणारे तुम्ही, इथे का नाही केली?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथं सगळी आपलीच माणसं दिसतात ना वहिनी. पुतण्याच्या मुलाचं बारसं, त्याखाली हवामानाचा अंदाज, त्याखाली ती जाहिरात. मला वाटलं, एवढी मोठी कंपनी, बघूनच लावली असेल."

बघूनच लावली असेल. हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझे वडील नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. आमच्याकडे तिला नुसतं 'प्रेस' म्हणतात. १९२८ पासून तिथे नोटा छापतात. वडील मोजणीत होते. चांगला कागद मोजायचा, डाग पडलेला कागद मोजायचा, वाया गेलेला, फाटलेलाही मोजून परत द्यायचा. मी सहा-सात वर्षांची असेन, एकदा त्यांना घरी यायला फार उशीर झाला. आई दारात उभी. ते आले, पाय धुतले आणि एवढंच म्हणाले, "मोजणी जुळत नव्हती." पुढे मी विचारलं की तुम्ही इतक्या वर्षांचे, तुमच्यावर विश्वास नाही का त्यांचा? त्यांना प्रश्नच कळला नाही. सगळ्यांचं मोजतात, साहेबाचंही तपासतात, त्यात विश्वासाचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं.

पुढे मी स्वतः एकतीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले. बुडालेल्या पतसंस्था मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांचे अध्यक्ष गोड बोलणारे होते, गणपतीला वर्गणी देणारे होते. पण ऑडिट नावापुरतं असायचं, ऑडिटरला दाखवायची वही वेगळी आणि खरी वेगळी. बिटको चौकातल्या भाजीवाल्याच्या काट्यालासुद्धा वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतो. तो लबाड आहे म्हणून नाही लागत. ज्याचा काटा त्यानेच तो तपासायचा, हे आपण बाजारात कुठेच मान्य केलेलं नाही.

फेसबुक, व्हॉट्सॲपसारख्या समाजमाध्यमांच्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आपण ते मान्य केलं. माझा त्यांच्यावरचा आक्षेप एवढाच आहे, आणि तो मला फार गंभीर वाटतो. भाऊजींच्या प्रकरणानंतर मी जे मिळेल ते वाचत बसले, आणि दर वेळी एकच दिसलं. खरा आकडा कंपनीने आपणहून सांगितला असं फारसं झालेलं नाही. तो कागद फुटल्यावर, नोकरी सोडलेल्या माणसाने बाहेर आणल्यावर, नाहीतर दंड बसताना कळला आहे.

निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं घ्या. एका प्रश्नावलीच्या ॲपमधून फेसबुकवरची माहिती, ॲप घेणाऱ्यांच्या मित्रांचीसुद्धा, त्या कंपनीकडे गेल्याचं फेसबुकला २०१५ मध्येच कळलं होतं. लोकांना कळलं मार्च २०१८ मध्ये, वर्तमानपत्रांनी छापल्यावर. मग आकडा आला : जगभरात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोक. त्यात भारतातले सुमारे ५ लाख ६२ हजार. आणि भारतात ते प्रश्नावलीचं ॲप प्रत्यक्ष घेणारे होते फक्त ३३५. म्हणजे ३३५ जणांच्या दारातून साडेपाच लाख लोकांच्या घरात शिरता आलं. त्या साडेपाच लाखांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर ५०० कोटी डॉलरचा दंड लावला.

फेसबुकने व्हॉट्सॲप २०१४ मध्ये विकत घेतलं, तेव्हा युरोपच्या आयोगाला सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणं आम्हाला खात्रीने जमणार नाही. दोन वर्षांनी जुळवणीची घोषणा झाली. आयोगाने तपासलं तर २०१४ मध्येच ते शक्य होतं आणि कर्मचाऱ्यांना ठाऊक होतं. दंड ११ कोटी युरो. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या अटींवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला (फेसबुक कंपनीचं आताचं नाव) २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

फक्त एकाच घरची ही गोष्ट नाही. ट्विटरने खातं सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून लोकांकडून फोन नंबर घेतले आणि ते जाहिरातींसाठी वापरले. त्याबद्दल २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरावे लागले. कुलूप लावून देतो म्हणून किल्ली घेतली आणि तीच भाड्याने दिली.

आणि मग नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मेटाच्या आतल्या कागदांवरून दिलेली बातमी. ती मी तीनदा वाचली. २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे दहा टक्के भाग, म्हणजे १,६०० कोटी डॉलर, फसवणुकीच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींमधून येईल असा अंदाज कंपनीच्याच कागदात होता. जाहिरातदार लबाड असल्याची ९५ टक्के खात्री यंत्राला पटली तरच त्याला बंद करायचं. त्याहून कमी संशय असेल तर त्याच्याकडून दर जास्त घ्यायचा. कंपनी म्हणाली की तो अंदाज ढोबळ होता आणि त्यात बऱ्याच रास्त जाहिरातीही धरल्या गेल्या होत्या. असेल तसं. मग नेमका आकडा दाखवा. मी पतसंस्थेत असताना एखाद्या खातेदाराबद्दल मला नव्वद टक्के संशय असता आणि त्याला मी बाहेर काढण्याऐवजी व्याज वाढवून कर्ज दिलं असतं, तर मला घरी पाठवलं असतं, आणि योग्यच केलं असतं.

इथे मराठीचाही प्रश्न येतो. फेसबुकची नोकरी सोडलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये फेसबुकमधले जे कागद बाहेर आणले, त्यात खोटी माहिती ओळखण्यावरच्या खर्चातला ८७ टक्के भाग एकट्या अमेरिकेसाठी असल्याचं दिसलं. उरलेल्या सगळ्या जगाला १३. त्यातून मराठीच्या वाट्याला काय आलं असेल, नाशिकच्या बोलीतली अफवा कोण वाचत असेल? तेव्हाही कंपनी म्हणाली, आकडे अपुरे आहेत.

अफवेचं आम्हाला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजार होता. मंगळवेढ्याकडचे, डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कित्येक दिवस फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्याच रात्री आमच्या मालेगावातही एका कुटुंबाला लोकांनी घेरलं, त्यात लहान मूल होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं.

मारणारे हात माणसांचे होते, ते मी कंपनीच्या अंगावर ढकलत नाही. मेसेज कुलूपबंद असतात, कंपनीलाही वाचता येत नाहीत, हे मला मान्य आहे आणि हवंही आहे. पण एक मेसेज एका फटक्यात किती जणांना पुढे ढकलता येईल, हा आकडा कुलपाच्या बाहेरचा आहे. तो कंपनी ठरवते. राईनपाड्यानंतर तीन आठवड्यांच्या आत व्हॉट्सॲपने भारतासाठी तो पाचवर आणण्याची घोषणा केली. म्हणजे बटण त्यांच्या हाताशीच होतं.

एप्रिल २०२१ मध्ये याच ग्रुपांवरून आम्ही बेड शोधले, ऑक्सिजनच्या टाक्या शोधल्या. माझ्या मैत्रिणीचा नवरा त्यामुळे वाचला. म्हणून मी फोन फेकून द्या असं म्हणणार नाही, मीही फेकलेला नाही. पण त्या आठवड्यांत धावले ते नाशिकचे लोक. कंपनीने फक्त वाट दिली होती, आणि त्या वाटेवर कोण काय विकतंय ते तपासू द्यायला ती तयार नाही. क्राउडटँगल नावाचं एक साधन होतं, पत्रकारांना आणि अभ्यासकांना फेसबुकवर काय पसरतंय ते त्यातून दिसायचं. १४ ऑगस्ट २०२४ ला मेटाने ते बंद केलं. त्याऐवजी जे आणलं, ते विद्यापीठांतल्या आणि ना-नफा संस्थांतल्या अभ्यासकांपुरतं. बहुतेक वर्तमानपत्रांना दार बंद. वैधमापनचा माणूस आला आणि दुकानदाराने काटाच आत नेऊन ठेवला, तर चौकातले लोक काय समजतील?

भाऊजींनी या हंगामात कर्ज काढून बाग उभी ठेवली. वहिनी म्हणून मला थोडी मदत करता आली. ते आता फोन उघडतात, पण आमच्या समोर उघडायला लाजतात. ते मला बघवत नाही.

मी एक दोनशे पानी वही घेतली आहे. फसवी जाहिरात दिसली की तारीख, वेळ, कुणाचा चेहरा वापरलाय, कधी तक्रार केली, काय उत्तर आलं, असे रकाने आखले आहेत. जेल रोडच्या माझ्या दोन मैत्रिणीही आता त्यांच्या फोनवरच्या नोंदी मला सांगतात. आजवर ४६ नोंदी झाल्या. ३१ ना 'नियमांचा भंग नाही' असं उत्तर आलं, ९ जाहिराती काढल्या, ६ चं उत्तर यायचं आहे. ज्याला बघायची असेल त्याला मी वही दाखवीन.