नाशिकहून मसाई माराला निघताय?

केनियातलं मसाई मारा हे वन्यप्राण्यांचं राखीव क्षेत्र बघून परत आल्यापासून घरी, ऑफिसात आणि सकाळच्या फिरण्यातही एकच विचारणा सुरू आहे: आम्हालाही जायचंय, काय काय करावं लागतं? प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते.

पहिलं काम पिवळ्या तापाच्या लसीचं. ती नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. आम्ही मुंबईला जाऊन घेतली. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. परतीच्या प्रवासात हे कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. आईबाबांना नेणार असाल, तर त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला. साठीच्या पुढे आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना ही लस द्यायची की नाही, हे जपून ठरवतात. व्हिसाची कटकट मात्र उरलेली नाही. जानेवारी २०२४ पासून केनियाने तो काढून टाकला. त्याऐवजी निघण्यापूर्वी ऑनलाइन अर्ज करून ई-परवानगी घ्यावी लागते.

कधी जायचं, यात आपली मंडळी हमखास मे महिन्याची सुट्टी धरतात. पण मार्च ते मे हा तिथला मोठ्या पावसाचा काळ. माराची काळी माती भिजली की गाड्या रुततात, आणि विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप तेव्हा सीमेपलीकडे टांझानियात, सेरेंगेटीत असतात. ते मारात येतात साधारण जुलै ते ऑक्टोबर. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. तेव्हा प्रवेश शुल्कही चढं असतं: परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतच चालतं. त्यामुळे टूरवाल्याने सांगितलेल्या रकमेत हे शुल्क धरलंय का, किती दिवसांचं धरलंय, हे लेखी घ्या.

विषुववृत्ताजवळचा देश म्हणून नुसते सुती कपडे भरू नका. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे. पहाटे उघड्या छताच्या गाडीत उभं राहिलं की नाशिकच्या डिसेंबरसारखी थंडी वाजते. कानटोपी न्या, जाकीट न्या. लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून कडक बंदी आहे आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. चिवडा, ठेपले स्टीलच्या डब्यात, पाणी स्टीलच्या बाटलीत. नैरोबीहून छोट्या विमानाने मारात जाणार असाल, तर सामान साधारण १५ किलोच्या आत आणि मऊ बॅगेतच हवं. कडक सुटकेस घेत नाहीत.

शाकाहारी लोकांनी जेवणाची काळजी करू नये. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर गेले. त्यांची चपाती आज केनियातल्या घराघरांत भाजली जाते. चपाती, राजम्यासारखी ‘महारागवे’ आणि ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी एवढ्यावर माझं मस्त भागलं.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. एका सकाळी चित्त्याची मादी मातीच्या उंचवट्यावर बसलेली दिसली, सोबत पिल्लं. बघता बघता गाड्या जमल्या. प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या आणि किमान २५ मीटर अंतर, असा तिथला नियम. आमचे चालक-गाइड लांबच थांबले. मागच्या गाडीतून हिंदीत आवाज आला, ‘भैया, और आगे लो, टिप देंगे.’ ती गाडी रस्ता सोडून गवतात शिरली. मादीची नजर दूरच्या हरणांवर होती. ती उठली आणि पिल्लांना घेऊन उलट दिशेला निघून गेली. शिकार राहिली.

चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या फिरण्याच्या वेळी. शिकार साधलीच तरी सिंह किंवा तरस ती हिसकावून नेतात. मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी पर्यटक असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होत होती, गर्दीच्या भागात ०.२. ज्या देशाने १९५२ मध्ये आपला चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं, त्या देशातून आलेल्या माणसांना हा आकडा टोचायला हवा. नाशिककरांना तर जास्तच. आपल्याकडे वस्तीत बिबट्या शिरला की गच्च्या माणसांनी भरतात, आरडाओरड होते आणि वनखात्याच्या लोकांना काम करणं मुश्किल होतं. तीच सवय आपण तिकडे नेतो.

म्हणून गाडी ठरवतानाच गाइडला सांगा की आम्हाला जवळ जायची घाई नाही. टिप द्या, ती तिथली रीत आहे, पण नियम पाळल्याबद्दल द्या. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी देते. तुमच्या गाइडची श्रेणी टूरवाल्याला विचारून घ्या. दुर्बीण मात्र स्वतःची न्या, माणशी एक.

बजेट ताणता आलं तर दोन रात्री राखीव क्षेत्राला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सीत काढा: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. ही जमीन मसाई या तिथल्या गुराखी जमातीच्या कुटुंबांची. ती भाड्याने दिली जाते आणि भाडं त्यांच्या हातात पडतं. तंबू आणि गाड्या मोजक्याच. रात्रीची फेरी आणि गाइडसोबत पायी फिरणंही जमतं, जे मुख्य राखीव क्षेत्रात चालत नाही. निफाडच्या उसात बिबट्यासोबत राहणारा शेतकरी जे सोसतो, तेच हे गुराखी सिंहासोबत सोसतात. माझे पैसे त्यांच्यापर्यंत पोहोचले, याचं मला समाधान आहे.

शेवटचं, मलेरियाचं. मारात तो आहे. गोळ्या कोणत्या घ्यायच्या आणि परतल्यावर किती दिवस चालू ठेवायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवू नका. घरी आल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही ताप आला, तर डॉक्टरांना आधी सांगा की मी आफ्रिकेत जाऊन आलोय, आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.