मानेतली तीन काळी टिंबं

भूल द्यायला लागून मला एकवीस वर्षं झाली. त्यातली पहिली बारा वर्षं खांदा बधिर करायला त्याच्या नसांजवळ, म्हणजे मज्जातंतूंजवळ, सुई नेत होते ती नस डोळ्यांनी न बघता. मानेच्या बाजूला बोटाने दोन स्केलीन स्नायूंमधली खाच चाचपायची, सुई घालायची आणि विचारायचं, "हातात करंट गेला का?" पेशंट "आई गं" म्हणाला की जागा बरोबर.

मग सोनोग्राफी मशीन आलं, आणि महिनाभर खोक्यातच बसलं. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे ना; मशीन मानेसाठी आणा नाहीतर पोटासाठी, नोंदणी हवीच. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. फायलीच्या चालीबद्दल आहे.

पहिली मान नवऱ्याची. रविवारी ऑपरेशन थिएटरात आडवा केला, जेली गार म्हणून कुरकुरला. मी थेट मानेत शोधत होते आणि मला नुसता करडा चिखल दिसत होता. युक्ती नंतर कळली: खालून वर जायचं. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, कॉलरबोनच्या वर ठेवायचा. सबक्लेव्हियन धमनी धडधडताना दिसते, तिला खेटून द्राक्षांचा घड. त्या नसा. खाली पहिल्या बरगडीची पांढरी रेघ, शेजारी श्वासाबरोबर सरकणारं फुफ्फुसाचं आवरण. तिकडे सुई जाऊ द्यायची नाही. आता घडावरची नजर न काढता प्रोब हळूहळू वर सरकवायचा. द्राक्षं सुटी होतात आणि दोन स्नायूंच्या मध्ये एकाखाली एक तीन काळी टिंबं उभी राहतात, चौकातल्या सिग्नलसारखी.

ही टिंबं म्हणजे सी-फाइव्ह, सी-सिक्स, सी-सेव्हन, मानेतल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या नसेची मुळं, असं मी छातीठोकपणे ज्युनियरना सांगायचे. मग मणके मोजायला शिकले. सहाव्या मणक्याच्या आडव्या फांदीला पुढे ठसठशीत उंचवटा असतो, सातव्याला तो नसतोच. तिथून मोजत वर आलं की कळतं, खालची दोन टिंबं बरेचदा एकाच सी-सिक्सची दोन शकलं असतात. ज्युनियरना पुन्हा बोलावून सांगावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आले. बांधावरून घसरले, खांदा निखळलेला. त्यात जुना दमा, म्हणून पूर्ण भूल नको वाटत होती. आधी दंडाच्या वरच्या बाजूला कापूस फिरवून विचारलं, कळतंय का? खांदा निखळताना ॲक्झिलरी नस ताणली जाते. आधी बघून लिहून ठेवलं नाही तर नंतरची बधिरता माझ्या सुईच्या नावावर.

खरी धास्ती फ्रेनिक नसेची. पुढच्या स्केलीनवरून उतरणारी ती बारीक नस छाती-पोटामधला श्वासाचा पडदा हलवते. पूर्वी आम्ही २० मिली औषध द्यायचो, आणि त्या बाजूचा पडदा जवळपास दर वेळी काही तास गप्प व्हायचा. धडधाकट माणसाला कळतही नाही. या आजोबांना कळलं असतं. मी टिंबांच्या मागच्या अंगाने गेले, सुईचं टोक नजरेआड होऊ न देता ५ मिली दिलं आणि थांबले.

आजोबा स्क्रीनकडे टक लावून होते. "ही शीर का?"

"शीर नाही आजोबा, नस."

वीसेक मिनिटांनी हाडाच्या डॉक्टरांनी हात ओढला, खट् झालं. आजोबांचा श्वास शांत. बोटांपर्यंत औषध पोचलं नव्हतं, त्यामुळे करंगळी छान हलत होती. त्यांनी ती दोनतीनदा हलवून बघितली, मग हात उचलायला गेले आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"बोटं माझीच हायती. पर हात कुनाचा लावलाय?"